हलव्याचे दागिने

"वहिनी, तू तरी ऐक. मला तीळ चालत नाही."

तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला विभा हे दारातच म्हणाली होती, चप्पल काढता काढता, हळू आवाजात. शलाकाच्या एका हातात तिळगुळाची वाटी होती, कडेवर पाच महिन्यांची जुई होती आणि आतून सासूबाई हाका मारत होत्या. नणंदेकडे नीट बघायलाही तिला फुरसत नव्हती. ती हसली आणि म्हणाली, "बरं, एक कण घ्या, विभाताई. हातावर तरी घ्या. आज नको तो विषय."

तो विषय म्हणजे विभाची काडीमोड. गडहिंग्लजचं सासर सोडून ती चिपळूणला नोकरीला लागली होती. वाशिष्ठीच्या पुराचा अंदाज देणाऱ्या केंद्रात तिला चांगली जागा मिळाली होती. पण आईला न विचारता हे सगळं केल्यामुळे सहा महिने मायलेकींचं बोलणं बंद होतं. संक्रांतीला ती आपण होऊन आली, तेव्हा सांगलीच्या त्या घरात सगळ्यांना वाटलं, मिटलं एकदाचं. चार बायका हळदीकुंकवाला बसलेल्या होत्या. सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत लेकीपुढे तिळगूळ धरला, आणि विभानं दोन्ही हात मागे घेतले.

"चालत नाही मला, आई. त्रास होतो."

"लहानपणी डबा पालथा करायचीस. आता त्रास होतो होय?" सासूबाई म्हणाल्या. "गोड बोलायचं नसेल तर सरळ सांग. तिळाला कशाला नावं ठेवतेस?"

विभा संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. आणि घरात एक गोष्ट कायमची ठरून गेली: विभानं आईचा तिळगूळ नाकारला.

शलाकाला तेव्हा त्यात डोकं घालायला वेळ नव्हता. तिचं सगळं लक्ष जुईच्या डोळ्यांत होतं.

ते अगदी शब्दशः खरं होतं. रोज सकाळी ती जुईला पूर्वेच्या खिडकीशी न्यायची, खालची पापणी हलकेच ओढायची आणि डोळ्याचा पांढरा भाग बघायची. जुईच्या मनगटावर कातडीवरूनच काविळीचा आकडा सांगणारी पट्टी होती, पण शलाकाचा पट्टीपेक्षा खिडकीवर विश्वास जास्त. ती एम.कॉम. झालेली, लग्नाआधी पतपेढीत हिशेब तपासणारी. गॅस बंद केलाय की नाही ते दोनदा बघायची सवय पहिल्यापासून होतीच. जुई झाल्यावर बघत राहणं हेच तिचं काम होऊन बसलं.

जुई जन्मली तेव्हा तिच्या यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या धड तयारच झालेल्या नव्हत्या. दुसऱ्या महिन्यात ऑपरेशन झालं, पित्ताला वाट मिळाली. पण तोवर आत व्रण धरू लागले होते, आणि ते थांबेनात. मऊसूत यकृत हळूहळू घट्ट होत चाललं, उघड्यावर राहिलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवायचा तर रांग लांबलचक होती आणि जुई फार अशक्त होती.

मिरजेच्या इस्पितळातल्या डॉ. खोत यांनी दुसरी वाट सांगितली. हाडांच्या पोकळीतली मज्जा रक्त तयार करते, हे शाळेत सगळेच शिकतात. पण त्याच मज्जेतून सफाई करणाऱ्या पेशीही निघतात. त्या रक्तातून हिंडतात, जखम दिसली की थांबतात आणि जुना व्रण विरघळवून खाऊन टाकतात. जुईच्या या पेशी उलट्या वागत होत्या. त्या व्रण खायच्या सोडून वाढवत होत्या. म्हणून मज्जाच बदलायची. सौम्य औषधांनी जुईच्या हाडांत जागा करायची आणि नात्यातल्या कुणाची तरी मज्जा शिरेतून सोडायची. ती आपली आपण हाडांत जाऊन बसते, नवं रक्त करू लागते, आणि तिच्या पेशी यकृत साफ करायला लागतात.

"घर तेच ठेवायचं, गवंडी बदलायचे," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

नात्यातल्या सगळ्यांच्या पेशींची परीक्षा झाली. व्रणाचा छोटा तुकडा काचेच्या बशीत ठेवायचा आणि कुणाच्या पेशी तो किती खातात ते बघायचं. शलाका नापास, तिचा नवरा मंदार नापास, दोन्हीकडचे मामा-काका नापास. चिपळूणहून आलेली विभा मात्र अशी पास झाली की तंत्रज्ञानं बशी पुन्हा एकदा तपासली.

"आयुष्यात पहिल्यांदा माझा पहिला नंबर आला," विभा म्हणाली होती, "आणि तोही खाण्यात."

शेवटची मुलाखत बाकी होती. विभा, सासूबाई आणि शलाका डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. त्याच सकाळी बाहेरच्या बाकावर शलाकानं ऐकलं होतं की कुणाचा तरी दाता कसल्याशा बारीक कारणावरून परत पाठवला. ते तेव्हापासून तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"खाण्यापिण्याची, औषधांची, कशाची ॲलर्जी?" डॉक्टरांनी विचारलं.

विभानं तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं. सासूबाई साडीच्या काठाकडे बघत होत्या.

"नाही हो डॉक्टर," शलाकाच म्हणून गेली. "ठणठणीत आहेत त्या."

विभानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. काही नाही."

डॉक्टर पुढे बोलत राहिल्या. मज्जेबरोबर रक्ताची आठवणही जाते. जुईला दिलेल्या लसी तिचं नवं रक्त विसरेल, त्या पुन्हा द्याव्या लागतील. आणि विभाच्या रक्तानं आजवर जे शिकून ठेवलंय, ते जुईच्या रक्ताला आयतं मिळेल. शलाकानं लसींचं घट्ट लक्षात ठेवलं. दुसरं वाक्य तिच्या कानावरून गेलं.

वर्षभरात जुई बदलली. बी गटाचं तिचं रक्त ओ झालं, आत्याचं. यकृताचा कडकपणा मोजणारा आकडा उतरणीला लागला. पोटाचा नगारा ओसरला आणि पोरगी जिना चढायला लागली. भाजीवाल्या मावशींनाही ती सांगायची, "माझ्यात आत्याचं लक्त आहे."

शलाका पहिल्या महिन्यात विभाला रोज फोन करायची. मग आठवड्यानं. मग जुईचा रिपोर्ट आला की तेवढा.

दिवाळीपर्यंत जुईला फक्त शिजवलेलं, गाळलेलं, साधं खाणं होतं आणि रक्ताला ताब्यात ठेवणारी जोरकस औषधं होती. दिवाळीनंतर डॉक्टरांनी औषधं कमी केली. "आता घरचं सगळं खाऊ दे," म्हणाल्या. सासूबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं.

आणि मग मार्गशीर्षात एका दुपारी जुईचे ओठ सुजले. अंगावर लाल चट्टे उठले, उलट्या झाल्या. इस्पितळात सुई दिली, संध्याकाळी उतरलं. पंधरवड्यानं पुन्हा तेच. तेव्हापासून खाणं तिच्या पोटात ठरेना आणि मनगटावरच्या पट्टीचा आकडा थोडा वर गेला.

"नवीन काही खाल्लं का?" डॉ. खोत यांनी दोन्ही वेळा विचारलं.

शलाकानं आठवून आठवून सांगितलं. भाकरी, तिळाची चटणी, वरण, घोटलेला भात. दुसऱ्यांदा पोळी आणि आजीनं दिलेला लाडू. नवीन काही नाही. दात येत होते तेव्हापासून आजी तिला तिळाच्या लाडवाचा चुरा भरवत आलेली.

डॉक्टरांना वेगळीच भीती वाटत होती. परकी मज्जा कधी कधी नव्या घरावरच उलटते, आणि उलटली की तीन जागी घाव घालते: कातडीवर, पोटात आणि यकृतावर. जुईचं तिन्ही जागी बिनसलं होतं.

"अजून एकदा झालं तर थांबता येणार नाही," त्या म्हणाल्या. "नवी मज्जा पुसून टाकावी लागेल. जुईची स्वतःची आपण गोठवून ठेवलीय, ती परत भरू."

"आणि लिव्हर?"

डॉक्टरांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "जुने गवंडी परत येतील."

तिसऱ्यांदा झालं ते भोगीला. ताटात बाजरीची तीळ लावलेली भाकरी होती, लोणी होतं, भोगीची भाजी होती. जुईनं भाकरीचा पापुद्रा तेवढा खाल्ला आणि पाणी पिता पिता ती खोकायला लागली. श्वासाला शिट्टी वाजू लागली. दिवसभर इस्पितळात ठेवून संध्याकाळी घरी सोडलं ते एवढं सांगूनच: संक्रांत झाली की करीला सकाळी दाखल करा. त्याआधी उद्या आईनं येऊन सगळं समजून घ्यायचं. विभालाही रक्ताच्या ताज्या तपासणीसाठी बोलावलंय.

घरी आल्यावर सासूबाईंनी जुईचा काळा फ्रॉक इस्त्रीला काढला.

"आई, हे काय?"

"बोरन्हाण. पहिल्या वर्षी टाके होते म्हणून राहिलं. मग काय, मज्जा म्हणून राहिलं. उद्या करायचं."

"परवा तिला ॲडमिट करायचंय."

"म्हणूनच उद्या." सासूबाईंनी इस्त्री जोरात फिरवली. "बोरन्हाण केलं की लेकराला ऋतू बाधत नाही. शेजारची पाटगावकरीण दागिने करतेय. मुकुट, बाजूबंद, सगळं. हलवा तिनं स्वतः काट्यावर आणलाय, तीन दिवस परात हलवत बसलेली. तिला आता नको म्हणू?"

शलाकानं मंदारकडे पाहिलं. तो चुरमुऱ्यांची पिशवी फोडत होता.

"होऊ दे ना गं," तो हळूच म्हणाला. "परत केव्हा होईल काय माहीत."

या वाक्यापुढे तिचं काही चाललं नाही.

संक्रांतीच्या दुपारी मिरजेला निघताना सासूबाईंनी एक छोटा डबा तिच्या पर्समध्ये घातला. "विभीला दे. घेतला तर घेतला."

इस्पितळाच्या कँटीनमध्ये विभा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. दंडावर कापसाचा बोळा, समोर निवत चाललेला चहा. वर्षभरात ती वाळली होती. शलाकाच्या ते लगेच लक्षात आलं, आणि आपल्या ते आज पहिल्यांदाच लक्षात येतंय, हेही.

"जुई कशी आहे?"

"आत्ता बरी आहे. आईंनी बोरन्हाण घातलंय पाच वाजता. तुम्ही चला ना माझ्याबरोबर." शलाकानं डबा काढला. "आणि हे. आईंनी मुद्दाम दिलंय."

तिनं झाकण उघडलं मात्र, विभानं खुर्ची मागे सरकवली. नुसता हात नाही, अख्खी खुर्ची. लोखंडी पाय फरशीवर खरखरले आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

शलाकाचा दिवसभराचा ताण एकदम वर आला. "अजूनही, विभाताई? जुई उद्या पुन्हा शून्यावर येणार आहे. आज तरी तो राग बाजूला ठेवा."

"झाकण लाव आधी," विभा म्हणाली. तिनं पर्समधून जाडजूड निळं पेन काढून टेबलावर ठेवलं. बाजूला आकड्यांची चकती होती. "हे काय आहे माहितीय? इंजेक्शन. उशाशी असतं, ऑफिसात असतं. गेल्या वर्षी कुणीतरी गजक, ती तिळाची वडी, आणली होती, मी पाकिटाला हात लावला आणि तोच हात तोंडाला लागला. दोन दिवस वॉर्डात होते. तुझा फोन आला होता तेव्हा, जुईचा आकडा नॉर्मल आला म्हणून. मी पलंगावरूनच बोलले."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"तू विचारलं नाहीस." तिचा आवाज चढला नाही. "आणि काय म्हणायचं? तिळाचं नाव काढलं की आमच्या घरात ते रुसणं ठरतं. डॉक्टरांपुढे बोलले असते तर आई म्हणाली असती, भाचीला मज्जा द्यायची नाही म्हणून निमित्त काढलं. लहानपणी मी डबे खाल्लेत तिळाचे, माझाच माझ्यावर विश्वास बसायला दोन वर्षं गेली. आधी नुसते ओठ सुजायचे, मग चट्टे, उलट्या, मग श्वासाला शिट्टी."

शलाकाचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

ओठ. चट्टे. उलट्या. शिट्टी.

"काय झालं?" विभानं विचारलं.

तिळाची चटणी. आजीचा लाडू. भोगीची भाकरी. नवीन काही नाही, असं तिनं तिन्ही वेळा छातीठोकपणे सांगितलं होतं. जुईला तीळ नवा नव्हताच. पण जुईच्या अंगात आता जुईचं रक्त होतं कुठे?

"विभाताई," ती म्हणाली, "जुईचं रक्त तुमचं आहे."

विभाला कळायला एक क्षण लागला. मग तिनं पेन उचललं आणि ती उभी राहिली. "हलवा कशाचा करतात गं? आत काय असतं?"

दोघींनाही माहीत होतं. प्रत्येक पांढऱ्या काटेरी दाण्याच्या पोटात एक तीळ असतो. आणि त्या दाण्यांचा मुकुट, हार, बाजूबंद आत्ता जुईच्या अंगावर चढत होता.

रिक्षा घराकडे, विश्रामबागच्या रस्त्याला लागली तेव्हा पाच वाजून गेले होते. शलाका फोन लावत होती. मंदारचा फोन लागेना. न्यू जर्सीच्या मामांना बोरन्हाण दिसावं म्हणून त्यानं तो तिवईवर चढवून थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं आणि बाकीचे फोन अडवून ठेवले होते. सासूबाईंचा फोन स्वयंपाकघरात वाजत असणार. शेवटी तिनं प्रक्षेपणच उघडलं.

पडद्यावर जुई पाटावर बसली होती. काळा फ्रॉक, कपाळावर मुकुट, गळ्यात लांब हार. बायका गोल करून उभ्या होत्या. आवाज येत होता, जात नव्हता. बघणाऱ्यांना बोलायची सोय मंदारनं बंद ठेवली होती, मामा फार बोलतात म्हणून.

"लिही, लिही काहीतरी," विभा म्हणाली.

शलाकानं लिहिलं: दागिने काढा. पडद्याच्या कडेनं बदाम आणि फुलं वर सरकत होती, त्यात ते शब्द वर गेले आणि दिसेनासे झाले. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा गेले.

विभा डॉ. खोत यांच्याशी बोलत होती. "हो, तीळ. मला आहे. नाही, सांगितलं नव्हतं." मग नुसतं हं, हं. फोन ठेवून ती म्हणाली, "अँब्युलन्स निघतेय. पण म्हणाल्या, त्रास दिसला तर वाट बघू नका. पेनची मात्रा जुईच्या वजनावर आणा आणि मांडीत द्या. किती आहे वजन?"

"तेरा किलो."

विभानं चकती फिरवली. चकती बरोबर आकड्यावर थांबली.

शलाकानं पाटगावकर काकूंना फोन लावला. पडद्यावर काकूंनी कंबरेची पिशवी चाचपली. फोन अर्धा बाहेर काढला. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात बोरांचं ताट दिलं. काकूंनी फोन परत आत सारला आणि ताट दोन्ही हातांनी धरलं.

"काकू, घ्या ना," शलाका पडद्याला म्हणाली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि न विचारता वेग वाढवला.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या जुईच्या डोक्यावरून घरंगळल्या. सगळे हसले. जुईही हसली. मग तिनं गळ्यातल्या हाराचं टोक उचललं, नीट बघितलं आणि तोंडात घातलं.

जन्मापासून शलाका या मुलीकडे बघत आली होती. बघून काही उपयोग नसतो असं तिला आज पहिल्यांदा कळलं.

त्या दोघी जिना चढून आल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. जुई आजीच्या मांडीवर किरकिरत होती, ओठ जाड दिसत होते.

"रडून रडून सुजलंय," सासूबाई सांगत होत्या. मग त्यांनी दारात लेकीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आलीस? बस. आज तरी..."

विभा थांबली नाही. सरळ पुढे जाऊन तिनं जुईच्या गळ्यातला हार धरून तोडला. हलव्याचे दाणे फरशीभर उधळले. मग मुकुट, मग बाजूबंद.

"अगं, काय करतेस?" सासूबाईंनी जुईला छातीशी ओढलं. "माझ्यावरचा राग लेकराच्या दागिन्यांवर काढतेस?"

पाटगावकर काकू "अगो बाई" म्हणून मागे झाल्या. मंदार पुढे आला. "विभे, वेड लागलं का?"

"आई, तिला सोडा," शलाका म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मंदार, आईंचे हात धर."

"शलाका..."

"धर म्हणते ना."

जुईच्या श्वासाला शिट्टी लागली होती. ती आता रडत नव्हती, तेच वाईट होतं. शलाकानं तिला हिसकून घेतलं, फरशीवर आडवं केलं, पाय घट्ट धरला. विभानं पेन मांडीवर टेकवलं आणि दाबलं. टक्क असा आवाज झाला. विभाच्या हातांवर हलव्याची पांढरी साखर लागलेली होती आणि तिच्या मनगटापासून लाल चट्टे वर चढत होते.

"विभाताई, तुमचे हात."

"मोजत राहा तिचे श्वास. मी धुऊन येते."

अँब्युलन्सचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा जुईनं एक खोल श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. शलाका तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिली. तिवईवरचा फोन अजून चालू होता. न्यू जर्सीचे मामा काहीतरी विचारत असणार, पण त्यांचा आवाज इकडे येत नव्हता.

रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी डॉ. खोत यांनी विभाचा आणि जुईचा हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींवर तिळाच्या अर्काचा एकेक थेंब टाकून बारीक टोचलं. एक हात मोठा, एक इवलासा. थोड्या वेळानं दोन्हींवर सारखेच, गोल, लालसर फुगवटे आले.

डॉक्टरांनी पट्टी लावून दोन्ही मोजले.

"मज्जा उलटलेली नाही," त्या म्हणाल्या. "ती तिचं काम चोख करतेय. तिला शिकवलेलं सगळं लक्षात आहे, एवढंच. आकडा चढला तो पोटात अन्न ठरत नव्हतं म्हणून. उपाशी पोटी चढतोच थोडा." मग चष्मा काढून ठेवला. "मी विचारत राहिले, नवीन काय खाल्लं. चूक प्रश्नातच होती. तीळ जुईला नवा नव्हता, नवं होतं ते रक्त."

"म्हणजे पुसायची नाही?" शलाकानं विचारलं.

"नाही. फक्त तीळ बंद. कदाचित कायमचा."

जुई स्वतःच्या फुगवट्याकडे आणि आत्याच्या फुगवट्याकडे आळीपाळीनं बघत होती. "आमचं सेम," ती म्हणाली.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी साबणानं इतक्यांदा हात धुतले होते की बोटांची सालं निघायला आली होती. विभा शेजारी जाऊन बसली तेव्हा त्यांनी ते हात पदराखाली घेतले.

"तुला असं किती वेळा झालं?"

"तीनदा."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"शेजारच्या बाई. एकदा कुणी नव्हतं."

क्षमा मागायला त्यांची पिढी कुठे शिकलेली नव्हती. त्यांनी विचारलं, "चिपळूणला थंडी असते का गं?"

"थोडी. पहाटे."

"गोधडी देते. जुन्या लुगड्याची आहे, ऊब असते."

"चालेल," विभा म्हणाली.

पुढच्या संक्रांतीला जुईचं बोरन्हाण पुन्हा झालं. पाटगावकर काकूंनी साबुदाण्यावर हलवा केला. परात वेगळी, चमचा वेगळा, आणि हलवताना घरात दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. दागिने जरा ओबडधोबड झाले. जुईनं ते सगळ्यांच्या देखत खाल्ले, निम्मा मुकुट आत्याला दिला. यकृताचा आकडा आता शलाकाला पाठ नव्हता. बघायची गरज कमी झाली होती.

बघायची सवय मात्र गेली नाही, तिनं फक्त दिशा बदलली. रविवारी सकाळी खिडकीशी उभी राहून ती चिपळूणला फोन लावते, आणि जुईची बातमी सांगण्याआधी विचारते, "तुम्ही कशा आहात? खरं सांगा." पलीकडून "बरी आहे" आलं तरी ती लगेच ठेवत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही ती आता वाण देता देता विचारते, तुमच्याकडे कुणी आहे का असं, ज्यानं एकदा हात मागे घेतला आणि मग कुणी विचारलंच नाही? बहुतेक जणी हसतात. एखादी गप्प होते.

हे वाचताना तुम्हालाही कुणाची तरी आठवण झाली असेल. तुमच्या ताटातलं काही नको म्हणालेली बहीण, कार्याला न आलेला भाऊ, किंवा तुमच्या माणसासाठी रक्त देऊन मुकाट्यानं आपल्या गावी परत गेलेलं कुणी. त्याला शिष्ट ठरवून किती वर्षं झाली ते मोजत बसू नका. शलाकाचं एवढंच मागणं आहे: आज त्याच्याकडे जाऊन या. जाताना काही नेऊ नका. दार उघडलं की आधी विचारा, बरा आहेस ना. आणि हो म्हणाला, तरी थोडा वेळ थांबा.